अंगणांतील गोल्फ

गेल्या दिवाळींत आमच्या चिरंजीवांनीं आपल्या सात वर्षांच्या कन्येसाठीं एक गोल्फची काठी आणली. या खेळाशीं आमच्या घराण्याचा मागल्या सात पिढ्यांत संबंध नाहीं. आमचा खेळ म्हणजे विटीदांडू, फार झालें तर आट्यापाट्या. परंतु २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत बंगलोरची अदिती अशोक चौथी आली आणि अवघ्या एका टोल्यानें तिचें पदक हुकलें, त्या दिवशीं हे गृहस्थ पहांटेपासून दूरचित्रवाणीपुढें बसून होते. तेव्हांपासून हें वेड त्यांच्या डोक्यांत होतें. अदितीनें पांचव्या वर्षीं काठी धरली, मग आमच्या मुलीनें सातव्या वर्षीं कां धरूं नये, हा त्यांचा युक्तिवाद. रविवारीं बापलेक सरावाच्या मैदानावर जात, आणि इतर दिवशीं संध्याकाळीं अंगणांत तिचा अभ्यास घेण्याचें काम आम्हांकडे आलें. तीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसाकडे दुसरें काय येणार !

आम्हीं काय केलें तें मोकळेपणानें सांगतों, कारण पुष्कळ सुशिक्षित घरांतून हेंच चाललें असेल असा आम्हांस दाट संशय आहे. आम्हीं एक पुस्तक आणविलें, तें दोन रात्रींत वाचून काढलें, आणि एका पुठ्ठ्यावर वळणदार अक्षरांत नऊ नियम लिहिले. डोकें हलवूं नये. डावा हात वांकवूं नये. गुडघे किंचित् दुमडावे. कंबर अगोदर, खांदे मागाहून. याप्रमाणें पुढील पांच. मुलगी गुणी, तिनें तीन दिवसांत नऊही नियम रूपावलीसारखे तोंडपाठ म्हणून दाखविले. काठी मात्र चेंडूला लागेना. ती चेंडूपुढें उभी राही, ओठ हलवीत एकेक कलम आठवी, आणि शेवटीं काठी अशी भीत भीत खालीं आणी कीं जणूं चेंडू झोपलेला आहे आणि त्याला उठवावयाचें नाहीं. आम्ही दर टोल्यामागें चूक दाखवीत होतों. दुसऱ्या आठवड्यांत गुरुवारीं तिचें पोट दुखूं लागलें. शुक्रवारींही दुखलें. शनिवारीं आम्हांस ती काठी कपाटामागें, भिंतीला टेंकून उभी केलेली सांपडली.

मुलांनीं वस्तु लपविली म्हणजे आम्ही मास्तर लोक आळस म्हणतों. आम्हींही तेंच म्हटलें असतें. पण सूनबाईंनीं हळूच सांगितलें, "मामंजी, तुम्ही दुपारी झोपता ना, तेव्हा ती एकटीच अंगणात खेळते. एकदा खिडकीतून बघा तरी." आम्हीं पाहिलें. कपाटामागची काठी बाहेर आली होती. पोरीनें धुण्याची बादली आडवी करून ठेविली होती, तिच्यापुढें आठ-दहा पावलांवर स्पंजाचा चेंडू, आणि तोंडानें कसलेंसें गाणें चाललें होतें. काठी मागें गेली, सपकन् आली, चेंडू बादलीवरून पलीकडे गेला, आणि ती एका पायाच्या बोटावर भार देऊन चेंडू थांबेपर्यंत पुतळ्यासारखी उभी राहिली. डोकें हललें नव्हतें. कंबर अगोदर, खांदे मागाहून. आमच्या पुठ्ठ्यावरील निम्मे नियम न आठवतां पाळले गेले होते.

त्या खिडकींत उभे असतां आम्हांस एक जुना विद्यार्थी आठवला. त्याचा गळा फार गोड होता. सातवींतल्या त्या मुलाला आम्हीं ऱ्हस्वदीर्घासाठीं प्रत्येक चरणाला थांबविलें. वर्षअखेरीस त्याचें उच्चारण निर्दोष झालें, आणि त्यानंतर तो कधीं म्हणाला नाहीं. त्या वेळीं आम्हीं तें आमचें यश समजलों होतों.

या खेळांत असें कां होतें याचा आम्हीं मग थोडा शोध घेतला. काठी मागें उचलल्यापासून टोला मारून पुढें खांद्यावर येईपर्यंतचा सारा झोका दोन सेकंदांच्या आंत आटोपतो. त्यांत नऊ कलमांची उजळणी कशी व्हावी ? गाब्रिएले वुल्फ नांवाच्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं १९९९ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. गोल्फ न येणाऱ्या नवशिक्यांचे दोन गट केले. एकाला सांगितलें कीं आपल्या हातांच्या झोक्याकडे लक्ष द्या, दुसऱ्याला सांगितलें कीं काठीच्या झोक्याकडे द्या. दुसऱ्या गटाचा नेम सरावांत चांगला ठरला, आणि पुढें सूचना न देतां परीक्षा घेतली तेव्हांही चांगलाच ठरला. लक्ष अंगावरून निघून काठीवर गेलें, एवढाच काय तो फरक.

अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत हार्वी पेनिक नांवाचे एक वृद्ध गोल्फशिक्षक होते. त्यांचीं आयुष्यभराचीं टिपणें १९९२ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. त्यांची पद्धत अशी कीं मुलाला प्रथम खळग्याजवळच उभें करावें. तेथून चेंडू आंत ढकलतां आला कीं थोडें मागें, मग आणखी थोडें मागें. मोठा टोला अखेरीस. म्हणजे पहिल्याच दिवशीं चेंडू खळग्यांत पडल्याचा टप् असा आवाज मुलाच्या कानीं पडतो. मूळाक्षरांपूर्वींच धड्याचें शेवटचें पान दाखविण्यासारखें हें वाटतें खरें, पण मुलाला गोष्टीचा शेवट अगोदर ठाऊक असला म्हणून त्याची गोडी कमी होत नाहीं, हें प्रत्येक आजीला माहीत आहे. टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ हे दोघे नामांकित खेळाडू लहानपणीं त्यांच्याच हाताखालीं शिकले, आणि एकाचा धडा चालू असतां दुसऱ्याला ते पाहूं देत नसत. एकाचें औषध दुसऱ्यानें घेऊं नये म्हणून. घरांत दोन मुलें असणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

दुसरें उदाहरण ओहायओ प्रांतांतील कोलंबस शहराचें. तेथें १९५० सालीं दहा वर्षांचा जॅक निक्लॉस हा जॅक ग्राउट या शिक्षकाकडे आला. ग्राउटनें त्याला अगोदर मनसोक्त जोरानें मारूं दिलें, नेमाचें मागाहून पाहूं म्हटलें. मात्र डोकें हलूं नये म्हणून याच गुरूनें आपल्या सहाय्यकाकडून त्या पोराचे केस धरविले होते, हेंही प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे. निक्लॉसनें पुढें अठरा मोठ्या स्पर्धा जिंकल्या. तरी आमच्या नातीचे केस धरण्याची आमची छाती नाहीं.

आतां व्यवहाराचें थोडें. बापाची जुनी काठी कापून मुलाला देऊं नये. ती लांबीला बेताची होते, पण जड आणि ताठ राहते, आणि ती उचलतांना मूल सगळें अंग मागें झोंकूं लागतें. हलकी, मुलाच्या उंचीची काठी घ्यावी. अंगणांत स्पंजाचाच चेंडू. दोन गोष्टींत मात्र सूट नाहीं: दोन्ही मुठी एकमेकींस चिकटलेल्या असाव्यात, आणि काठी उचलण्यापूर्वीं आसपास कोणी नाहीं हें मागें वळून पाहिलेंच पाहिजे. डोक्याला काठी लागली तर तो खेळ राहत नाहीं. बाकी कामें खेळ म्हणूनच द्यावीं. काठी उलटी धरून हवेंत फिरवावी व सूं असा आवाज चेंडूच्या जागेपुढें निघतो कीं मागें, हें कान देऊन ऐकावें. उघडी छत्री उलटी ठेवून तींत चेंडू टाकावा. टोला झाल्यावर चेंडू थांबेपर्यंत पुतळा. वीस मिनिटें झालीं कीं मुलानें मागितलें तरच पुढें.

पुठ्ठा आम्हीं उलटा करून त्यावर तिचे गुण लिहितों. बादलीला एक, छत्रीला दोन. आम्ही ओट्यावर बसतों आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीं. हें आम्हांस नऊ नियमांहून जड जातें. परवां तिनें काठी आमच्या हातीं देऊन म्हटलें, "आजोबा, आता तुम्ही." आमच्या डोक्यांत नऊही कलमें घुमूं लागलीं. चेंडू बादलीकडे न जातां कुंपणावरून शेजारच्या काकूंच्या वाळवणांत पडला. स्पंजाचा होता म्हणून पापड बचावले.