जॉबवर्क की स्वतःचा गेम? छोट्या गेम डेव्हलपरांचे गणित कुठे अडते

संत तुकाराम नगर मेट्रो स्थानकावरून संध्याकाळी गाडीत चढले, की फोन आडवा धरून गेम खेळणारी मुले हमखास दिसतात. कुणी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कुणी भोसरीच्या शिफ्टवरून परतणारा. त्यांच्या हातातला गेम मात्र आपल्या शहरात बनलेला असण्याची शक्यता फार कमी. गाडीचा गिअर असो वा ब्रेकचा सुटा भाग, पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात काय बनत नाही? मग इथल्या पोरांना गेम बनवणे का परवडत नाही? प्रश्न कौशल्याचा कमी आणि पैशांचा जास्त आहे.

‘इंडी’ गेम म्हणजे काय?

इंडी म्हणजे स्वतंत्र. एक-दोघांनी किंवा पंधरा-वीस जणांच्या चमूने, मोठ्या कंपनीच्या ऑर्डरशिवाय बनवलेला गेम. कथा, चित्रे, कोड, संगीत, चाचणी, जाहिरात आणि खेळणाऱ्यांच्या तक्रारींना उत्तरे, सगळे याच लोकांच्या गळ्यात. साधने मात्र आता स्वस्त झाली आहेत. ‘गोडो’ हे गेम इंजिन पूर्ण मोफत आहे. ‘अनरिअल’ इंजिन वापरणाऱ्याला गेमची कमाई १० लाख डॉलरच्या वर जाईपर्यंत रॉयल्टी द्यावी लागत नाही. म्हणजे बरा लॅपटॉप असेल तर सुरुवात करता येते. खरा खर्च पुढे आहे, तो म्हणजे वेळ. बरा गेम पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षे सहज जातात आणि तोवर कमाई शून्य.

पुण्यात असे कुणी करून दाखवले आहे का?

हो. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या पुण्यातल्या छोट्या स्टुडिओने ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा गेम बनवला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ही गोष्ट. पहाडी चित्रशैली आणि छाया-बाहुल्यांचा वापर करून ती सांगितली आहे. २०१७ मध्ये या चमूने किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, पण ठरवलेली रक्कम जमली नाही आणि मोहीम फसली. तरी काम थांबले नाही. पुढे प्रकाशक मिळाला, ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी निन्टेंडो स्विचवर आणि नंतर इतर यंत्रांवर आला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पहिल्याच गेमसाठी असलेल्या विभागात त्याला नामांकन मिळाले.

ही कहाणी अभिमानाने सांगितली जाते आणि सांगावीही. पण किकस्टार्टर फसल्यावर ते ‘फसल्यावर काय’ हे प्रत्येक चमूला झेपेल असे नाही. एक ‘राजी’ दिसते. पहिल्या वर्षाअखेरीस लॅपटॉप मिटून नोकरीला लागलेले चमू कुणी मोजत नाही.

मोठे स्टुडिओ तर पुण्यात आहेत, मग अडचण काय?

भोसरीतल्या कुठल्याही वर्कशॉपवाल्याला हे पटकन कळेल. ड्रॉइंग कंपनीचे, माल कंपनीचा, आपले काम फक्त पार्ट काढून द्यायचे, याला जॉबवर्क म्हणतात. त्यावर घर चालते, हात बसतो, पण गाडीवर नाव दुसऱ्याचे असते आणि ऑर्डर कुठे जाणार हेही दुसराच ठरवतो.

भारतातल्या गेम उद्योगाचा बराच भाग असाच चालतो. परदेशी गेमसाठी इथे पात्रे, इमारती, झाडे बनतात, चाचणी होते. फ्रेंच कंपनी युबिसॉफ्टने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’चा नवा अवतार २०२० मध्ये जाहीर केला, तेव्हा त्याची जबाबदारी पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होती. मे २०२२ मध्ये तो प्रकल्प माँट्रिअलला हलवला गेला. कंपनीचा गेम, कंपनीचा निर्णय. त्यात बेकायदा काही नाही. पण मालकी कुणाची, याचे उत्तर त्यातून मिळते.

जॉबवर्क वाईट नाही. अनेक इंडी डेव्हलपर दिवसा तेच करतात आणि रात्री स्वतःचा गेम. अडचण अशी, की दिवसाचे काम पोट भरते आणि रात्र खाऊन टाकते.

४९९ रुपयांच्या गेममधून हातात किती पडतात?

समजा, संत तुकाराम नगरात खोली घेऊन राहणाऱ्या दोन मित्रांनी संगणकावरचा गेम बनवला आणि तो ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानात ४९९ रुपयांना लावला. यात १८ टक्के जीएसटी धरला तर मूळ किंमत उरते साधारण ४२३ रुपये. त्यातले ३० टक्के दुकानाचे. हातात येतात सुमारे २९६ रुपये.

दोघांनी प्रत्येकी महिना २५ हजार रुपयांत भागवले आणि गेमला दोन वर्षे लागली, तर खर्च १२ लाख. तो भरून निघायला किमान ४ हजार प्रती विकाव्या लागतील. संगीतकाराचे मानधन, जाहिरात, सवलतीच्या दिवसांतली कमी किंमत यांचा हिशेब यात नाही. शिवाय दोन तासांपेक्षा कमी खेळून १४ दिवसांच्या आत परत केलेल्या गेमचे पैसेही परत जातात.

स्टीमवर गेम लावायला १०० डॉलर लागतात, ते एका मर्यादेपुढे विक्री झाल्यावर परत मिळतात. दार उघडे आहे, पण गर्दी प्रचंड आहे. एकट्या २०२४ मध्ये तिथे १८ हजारांहून अधिक गेम आले, म्हणजे दिवसाला जवळपास ५०.

मग मोबाइलवर गेम काढणे सोपे नाही का?

खर्च कमी, स्पर्धा जास्त. गुगल प्लेचे खाते २५ डॉलरमध्ये उघडते. मात्र नव्या वैयक्तिक खात्याला गेम खुला करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. त्यासाठी मित्र, भावंडे, मेसमधली ओळखीची मुले गोळा करावी लागतात. हेही जमते. पण मोबाइलवर पैसे देऊन गेम घेण्याची सवय आपल्याकडे फारशी नाही. कमाई जाहिरातींतून, आणि त्यासाठी लाखो डाउनलोड हवेत. ते मिळवायला पुन्हा जाहिरातच करावी लागते. छोटा चमू इथे दमतो.

गेम म्हणजे जुगार, हा समज कितपत खरा?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायच्या गेमना मात्र याच कायद्याने वेगळी मान्यता दिली. कागदावर रेषा स्पष्ट आहे, घरात नाही. ‘गेमिंगमध्ये काम करतो’ म्हटले, की अनेक आई-वडिलांना अजून रमीच्या जाहिराती आठवतात. बँकेतही वेगळे नाही. लेथ मशीन गहाण ठेवता येते. अर्धवट गेमचा कोड कुणी तारण म्हणून घेत नाही.

सरकारी धोरणाने काय बदलेल?

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स यांसाठीचे ‘एव्हीजीसी-एक्सआर’ धोरण मंजूर केले. तरतूद ३,२६८ कोटींची. उद्दिष्ट ५० हजार कोटींची गुंतवणूक आणि दोन लाख रोजगार. आकडे मोठे आहेत. पण गुंतवणूक आणि रोजगार हे दोनच मापदंड ठेवले, तर पैसा साहजिकच मोठ्या पार्ककडे आणि मोठ्या जॉबवर्ककडे वळेल. दोन जणांचा स्टुडिओ या तक्त्यात बसतच नाही.

म्हणून तिसरा मापदंड हवा : इथल्या लोकांच्या मालकीचे किती गेम बाजारात आले? त्यासाठी फार मोठी रक्कम लागत नाही. वरच्या हिशेबातले १२ लाख धरले, तर १२ कोटींत १०० चमूंना दोन वर्षे मिळतात. रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी; खेळता येईल असा नमुना दाखवला की पुढचा हप्ता. यातले बहुतेक गेम चालणार नाहीत, हेही आधीच मान्य करावे. न चाललेला गेम पूर्ण करणाऱ्याला दुसरा गेम कसा करायचा हे कळलेले असते, आणि ते शिक्षण कुठल्याही वर्गात मिळत नाही.

या पट्ट्यातल्या अनेक कारखानदारांनी सुरुवात एका मशीनने, दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर केली. त्यांच्यातले काही पुढे स्वतःचे उत्पादन काढू शकले, कारण अधल्यामधल्या वर्षांत कुणीतरी उधारीवर माल दिला, कुणी शेड दिली, कुणी पहिली ऑर्डर. संत तुकाराम नगरातल्या खोलीत रात्री दोन वाजता कोड लिहिणाऱ्यालाही तेवढेच हवे आहे : मधली दोन वर्षे.