चार जोडांची बेगमी

मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी घरात धान्य, सरपण, मीठ-मिरची भरून ठेवण्याची रीत महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांना नवी नाही. या बेगमीमागे टंचाईचे भय असे. वाटा बंद होतील, बाजार भरणार नाही, भाव चढतील, म्हणून गृहिणी डबे भरून ठेवी. १९७२-७३ च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हाही शत्रू ओळखीचा होता : माल दडवून ठेवणारा साठेबाज व्यापारी.

आज बेगमीचा एक निराळाच प्रकार दिसू लागला आहे. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि पुढील दोन दशकांत पहाटे धावणाऱ्यांचा एक वर्ग शहरोशहरी उभा राहिला. यांतील कित्येक जण मनाजोगा बूट सापडला की त्याचे एकदम तीन-चार जोड विकत घेतात आणि खोक्यांसकट कपाटात रचून ठेवतात. न्यूयॉर्क काय, टोकियो काय, धावणारे सर्वत्र हेच करतात. दुकाने बुटांनी ओसंडत आहेत, टंचाईचे नाव नाही; आणि तरीही ग्राहक साठा करतो आहे. मुबलकतेच्या बाजारात ही दुष्काळातली सावधगिरी आली कोठून?

उत्तर बुटाच्या नावापुढील आकड्यात आहे. जपानच्या आसिक्स कंपनीचा 'जेल-कायानो' १९९३ साली निघाला; २०२३ साली त्याची तिसावी आवृत्ती बाजारात आली. तीस वर्षांत तीस आवृत्त्या! माणसाच्या पायाची घडण दर वर्षी बदलते काय? नव्या आवृत्तीत कधी केवळ वरचे कापड बदलते. कधी टाचेची उंची, पंज्याकडची रुंदी आणि तळाच्या फोमचा मऊपणाही बदलतो. नाव तेच राहते, बूट मात्र तो राहत नाही. ज्याच्या पायाला जुना बूट बसला त्याला नवा बसेलच याची हमी कोणी देत नाही. म्हणून जुनी आवृत्ती सवलतीत निकाली निघू लागली की जाणता धावपटू चार जोड उचलतो. त्याला उधळ्या म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल. तो बाजाराला पुरता ओळखून आहे, एवढाच त्याचा अर्थ.

येथेच बाजारवादी अर्थशास्त्राची पंचाईत होते. ग्राहक हा बाजाराचा सार्वभौम राजा असून उत्पादक त्याच्या हुकुमाचा ताबेदार आहे, असे हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या पढवीत आले आहे. हा राजा मात्र आपल्याला हवी असलेली वस्तू पुढल्या वर्षी मिळणार नाही या भीतीने कपाट भरून ठेवतो! गिऱ्हाईक हजर आहे, पैसे मोजावयास तयार आहे, वस्तू बनवण्याची विद्याही अवगत आहे. आणि तरीही ती वस्तू बंद होते. गालब्रेथ यांनी १९५८ साली दाखवून दिले होते की, प्रगत भांडवलशाहीत उत्पादन गरजेच्या मागून चालत नाही. उत्पादकच गरज घडवतो. बुटांच्या धंद्याने एक पाऊल पुढे टाकले आहे. नवी गरज निर्माण करण्यासाठी तो भागलेली गरज मोडून टाकतो.

यावर ठरलेला प्रतिवाद असा की, बदल थांबला तर प्रगती थांबेल. प्रगती होते हे खरे. २०१७ साली नाइकीने कार्बनची पट्टी आणि नवा फोम घातलेला बूट बाजारात आणला, तेव्हा लांब पल्ल्याच्या शर्यतींचे गणितच पालटले. परंतु नवा बूट काढण्यासाठी जुना मारलाच पाहिजे, हे कोणत्या विज्ञानात लिहिले आहे? तळ ओतण्यासाठी प्रत्येक मापाचा निराळा साचा लागतो. एकदा केलेला साचा जितकी वर्षे वापरावा तितका त्याचा खर्च दर जोडामागे घटत जातो. म्हणजे निव्वळ काटकसरीच्या हिशेबाने जुना बूट चालू ठेवणे स्वस्त पडावयास हवे. पण जुन्या मालाचा भाव उतरतो आणि नव्या आकड्याबरोबर तो पुन्हा वर चढवता येतो. जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनी १९२० च्या दशकात दर वर्षी नवे मॉडेल काढून मोटारींच्या धंद्यात हीच युक्ती रुजवली. वार्षिक बदलाचे खरे प्रयोजन भाव टिकवणे हे आहे. पायाचे हित हा झाला तर त्याचा आनुषंगिक लाभ.

बेगमी करणाऱ्याचे तरी यातून भागते काय? तेही पुरतेपणी नाही. धावण्याचा बूट साधारणपणे पाचशे ते आठशे किलोमीटरमध्ये निकामी होतो. मात्र न वापरताही तो म्हातारा होत असतो. फोम कडक होतो, गोंद सुटतो, पॉलियुरेथेनचा तळ तर मुंबई-कोकणच्या दमट हवेत काही वर्षांनी भुगा होऊन गळतो. शिवाय हिशेबाची दुसरी बाजू पाहावी. माल साठवण्याची जागा, त्यात अडकलेले भांडवल आणि तो खराब होण्याची जोखीम या तिन्ही गोष्टी वास्तविक कंपनीच्या वहीत हव्यात. त्या गुपचूप ग्राहकाच्या कपाटात येऊन बसतात. आणि हा उपायही चार जोडांचे पैसे एकदम मोजू शकणाऱ्यालाच परवडणारा. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या कविता राऊत नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या. अशा पाड्यांवरून धावू पाहणाऱ्या मुलामुलींपुढे प्रश्न चौथ्या जोडाचा नसतो, पहिल्याच जोडाचा असतो.

काही कार्यकर्त्यांना हा सारा विषय मध्यमवर्गीय चोचल्यांचा वाटेल. त्यांनी बूट बनतो कोठे, इकडे नजर वळवावी. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०१३ साली केलेल्या पाहणीत धावण्याच्या एका जोडात ६५ सुटे भाग आणि ते घडवण्याच्या ३६० हून अधिक क्रिया मोजल्या गेल्या. हे काम बड्या कंपन्या स्वतः करीत नाहीत. कंत्राटदारांकडून करवून घेतात. मजुरी वाढली की काम देश बदलते. जपानमधून ते कोरिया-तैवानला, तेथून चीन-इंडोनेशियाला गेले. २०२४ च्या आर्थिक वर्षात नाइकीचे निम्मे बूट व्हिएतनाममध्ये बनले. तमिळनाडूतील चेय्यार येथेही तैवानी कंत्राटदाराच्या कारखान्यात हे काम चालते. ज्या मालाचे आयुष्यच वर्षभराचे, त्याच्या मागणीला स्थैर्य कोठले? आणि मागणीला स्थैर्य नाही तर कामगाराच्या नोकरीला ते कोठून येणार?

एप्रिल २०१४ मध्ये चीनमधील डोंगग्वान शहरात यू युएन या कंपनीच्या कारखान्यांतील सुमारे चाळीस हजार कामगारांनी संप केला. नाइकी, आदिदास यांसारख्या कंपन्यांसाठी बूट बनवणारे हे कामगार. त्यांची प्रमुख तक्रार अशी की, कायद्याने मालकाने भरावयाचा सामाजिक विम्याचा हप्ता प्रत्यक्ष वेतनाच्या प्रमाणात भरला गेलेला नाही. म्हणजे जन्मभर बूट शिवून निवृत्त होताना हाती पडेल ते निवृत्तिवेतन अपुरे. ग्राहकाच्या कपाटात पुढील चार वर्षांच्या बुटांची बेगमी झाली. ते बूट शिवणाऱ्या स्त्रीच्या म्हातारपणाची बेगमी मात्र वर्षानुवर्षे कापली जात होती! दोघांनाही उद्याची शाश्वती नाकारणारी व्यवस्था एकच आहे. फरक एवढाच की, एकाला त्यावर चार खोक्यांचा तात्पुरता तोडगा परवडतो, दुसरीला संपावाचून मार्ग उरत नाही.

म्हणून ग्राहकाला संयमाचे पाठ देणे हा यावरचा उपाय नव्हे, आणि कपाट मोठे करणे हाही नव्हे. बाजार मुकाट्याने वाकत नसला तरी दबावापुढे वाकतो. विद्यार्थ्यांनी आणि कामगार संघटनांनी वर्षानुवर्षे मोहीम चालवल्यानंतर १९९८ साली नाइकीचे प्रमुख फिल नाइट यांना आपला माल गुलामीच्या वेतनाशी आणि सक्तीच्या जादा कामाशी समानार्थी झाल्याची जाहीर कबुली द्यावी लागली. २०२० साली जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने रस्त्यावरील शर्यतींच्या बुटाचा तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड नसावा, असा नियम केला. न विकले गेलेले कपडे व पादत्राणे नष्ट करण्यास युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्याने मनाई केली आणि मोठ्या कंपन्यांसाठी जुलै २०२६ पासूनची मुदत ठरवली. नियम करता येतात. करावयाचे कोणासाठी, एवढाच वाद आहे.

आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली. तिच्यापुढे शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही क्षेत्रे ठेवली गेली. पादत्राणे त्यांत नव्हती. ती घातली पाहिजेत. बुटाची एक आवृत्ती ठरावीक वर्षे पुरवण्याचे, बंद करण्यापूर्वी पुरेशी सूचना देण्याचे आणि टाचेची उंची, पंज्याची रुंदी ही मापे खोक्यावर छापण्याचे बंधन कंपन्यांवर असावे. कंत्राटदाराने बुडवलेल्या भविष्यनिर्वाह निधीची जबाबदारी ज्या कंपनीचे नाव बुटावर आहे तिच्यावर टाकावी. ग्राहक चळवळ आणि कामगार चळवळ या मागण्या आजवर वेगवेगळ्या वहीत लिहीत आल्या. त्या एका निवेदनात यावयास हव्यात. उद्याची बेगमी हा ज्याच्या त्याच्या कपाटाचा प्रश्न राहील, तोवर कंपन्यांना कशाचीच चिंता नाही. तो सर्वांचा मिळून प्रश्न झाला, की लाटणी पुन्हा रस्त्यावर येण्यास वेळ लागत नाही.