खिशात फोन आहे, पण बोलतो कोण?

'मोबाईल शाप की वरदान' हा निबंध तुम्ही दरवर्षी लिहिता आणि आम्ही शिक्षक तो दरवर्षी तपासतो. अर्धं पान फायदे, अर्धं पान तोटे, शेवटी 'अति तेथे माती'. मार्क मिळतात, विषय संपतो. आज मला जरा वेगळं म्हणायचं आहे. फोन महाग होता तेव्हा आपण बोलायचो. तो स्वस्त झाला आणि आपण बोलणंच कमी केलं, असं मला वाटतं.

तुमच्या आजोबांना विचारा, ट्रंक कॉल म्हणजे काय. १८८२ साली मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं, पण पुढे कितीतरी वर्षं खेड्यातल्या माणसाला फोन म्हणजे पोस्टातली वस्तू. कॉल बुक करायचा आणि बसायचं वाट बघत. घाई असेल तर 'अर्जंट', त्याहून घाई असेल तर 'लाइटनिंग', त्याचे पैसे ऐकूनच माणूस गार व्हायचा. मग एसटीडी-पीसीओचे बूथ आले. रात्री दर कमी व्हायचे, म्हणून जेवणं उरकून लोक तिथे रांग लावायचे. बोलणाऱ्याची नजर समोरच्या मीटरच्या लाल आकड्यांवर! काय बोलायचं ते आधीच मनात ठरलेलं असायचं. काही जण तर कागदावर लिहून आणायचे. ज्यांच्या घरी फोन नव्हता ते शेजाऱ्यांचा नंबर द्यायचे, पुढे 'पी.पी.' असं लिहून. शेजारच्या काकू हाक मारायच्या आणि तुमच्या घरची बातमी अख्ख्या गल्लीला कळायची. खाजगी असं काही राहायचं नाही, हे खरं. पण वाईट बातमी आली तर माणूस तिथे एकटा नसायचा.

३१ जुलै १९९५ रोजी भारतात पहिला मोबाईल कॉल झाला. सुरुवातीला तर आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे. म्हणून आपण मिस्ड कॉलची भाषा शोधली. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे खाली ये. (याचं व्याकरण कुणीतरी लिहायला हवं होतं!)

फायदे मी नाकारत नाही. कांदा ट्रॅक्टरमध्ये भरण्याआधी शेतकरी आज लासलगावचा भाव विचारू शकतो, ही काही लहान गोष्ट नाही. पण फोनची खरी किंमत मला कळली ती माझ्याच शाळेत.

मी बीड जिल्ह्यात शिकवतो. दिवाळीच्या आसपास आमच्याकडचे आईबाप ऊसतोडीला कारखान्यांकडे जातात. काही मुलं त्यांच्याबरोबर जातात, काही आजीजवळ राहतात. सहावीतला एक मुलगा असाच आजीकडे होता. संध्याकाळी आईचा फोन यायचा. "जेवला का? आजीला तरास देऊ नको." दोन मिनिटं, बस. एकदा आठवडाभर फोन आला नाही. कोपीवर वीज नसते, फोन चार्ज करायला कुठंतरी टपरीवर द्यावा लागतो, हे त्याला कोण सांगणार? पोरगं वही उघडून नुसतं बसायचं. शनिवारी शाळा सुटल्यावर मी मुकादमाचा नंबर मिळवला, फडात फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. तो काहीच बोलला नाही. "हं... हं... हं..." एवढंच. फोन मला परत दिला, डोळे पुसले आणि बाकावर बसून राहिलेली गणितं सोडवायला लागला.

त्या दिवशी घरी जाताना मला माझीच लाज वाटली. माझी आई गावी एकटी असते. मी रोज सकाळी तिला 'शुभ सकाळ' लिहिलेलं फुलांचं चित्र पाठवायचो. दोन निळ्या खुणा दिसल्या की वाटायचं, आई बरी आहे, आपलं काम झालं. कसलं काम? अंगठ्याने केलेलं! तुमच्या घरच्या ग्रुपवर रोज सकाळी काय येतं ते एकदा बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. त्यातलं किती स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं असतं?

आमच्या आठवीच्या वर्गात मी विचारलं होतं, गेल्या आठवड्यात आजी-आजोबांना कुणी स्वतःहून फोन केला? बावीस मुलांत तीन हात वर आले. मुलांना काय बोलू? मी तरी कुठे हात वर करू शकलो असतो?

पुढच्या सुट्टीत गावी गेलो, तर आईने सहज विचारलं, "काय रे, ती फुलं तू पाठवतोस का आपोआप येतात?" तिने रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं.

आता मी संध्याकाळी सातला तिला फोन लावतो. ती रोज तेच सांगते. गुडघा, शेजारणीची म्हैस, पावसाचा पत्ता नाही. मधेच थांबते आणि हळूच विचारते, "पैसे पडत नाहीत ना रे? मग बोलू का अजून?"