खांद्यांतील शल्य

गेल्या वर्षींच्या श्रावणांत आमच्या थोरल्या भगिनी अक्का आमच्याबरोबर अंबरनाथच्या शिवालयांत आल्या होत्या. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या शिलालेखामुळें विख्यात असलेलें हें देवालय आमच्या बुवापाड्यापासून फार दूर नाहीं. जन्मांत कधीं डाव्या हातानें फूल न वाहिलेल्या अक्कांनीं त्या दिवशीं पाण्याचा तांब्या डाव्या हातांत घेतला. ‘उजव्या खांद्यांत आंत कांहीं तरी सलतें आहे रे,’ असें त्या म्हणाल्या. आम्हीं उत्तर दिलें, ‘अक्का, वय झालें, आतां सांधे कुरकुरणारच.’ या उत्तराचा पश्चात्ताप आम्हांस अद्याप होतो, आणि म्हणूनच हा विषय आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यापूर्वी दोन वर्षें पाय घसरून पडल्यानें अक्कांच्या दंडाच्या हाडाचें डोकें चुरडलें होतें. त्या ठिकाणीं कृत्रिम सांधा बसविला. निसर्गानें गोळा दंडाकडे व वाटी पाठीकडील हाडावर ठेविली आहे. या सांध्यांत ती रचना उलटी असते. फ्रान्समधील शल्यविशारद पॉल ग्रामाँ यांनीं १९८५ च्या सुमारास ही युक्ति योजिली. अक्कांस पहिलें वर्ष सुखाचें गेलें. पुढें दुखणें सुरू झालें. ताप नाहीं, लाली नाहीं, पू नाहीं. मग जंतुदोषाची शंका कोणास यावी?

येथेंच खांद्याचें वैशिष्ट्य आहे. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नामक जंतु आपणां सर्वांच्या त्वचेंत, केसांच्या मुळाशीं असलेल्या तैलग्रंथींत राहतो. खांदा, पाठ व छाती हीं त्याचीं आवडतीं स्थानें. वरून औषध लाविलें तरी खोल ग्रंथींतून तो सर्वस्वीं जात नाहीं. धातूवर तो पोंचला म्हणजे स्वतःभोंवतीं चिकट पापुद्रा विणून त्याआड बसतो. मग रक्तांतून येणारें औषध त्यास पुरतें लागत नाहीं आणि शरीराचे रक्षकहि हतबल होतात. तो इतका मंदगति आहे कीं, रक्ततपासणी पुष्कळदां निर्दोष येते, व नमुना दोन आठवडे राखल्याखेरीज तो नाहीं असें म्हणतां येत नाहीं.

हा प्रश्न कृत्रिम खांद्याइतकाच जुना आहे. १८९३ सालीं पॅरिसमध्यें झ्यूल पेआं यांनीं क्षयानें सडलेल्या एका खांद्यांत प्लॅटिनमचा दांडा व कठीण केलेल्या रबराचा गोळा बसविला. रोग्यास हात तोडून घेणें मान्य नव्हतें. हात कांहीं काळ उपयोगी पडला. परंतु जुना दोष पुनः उफाळला आणि सुमारें दोन वर्षांनीं तें सर्व काढून टाकावें लागलें. आमच्या सुश्रुतांनीं तर मन व शरीर या दोहोंस पीडा देतें तें शल्य, अशीच व्याख्या केली आहे. सोनें, रुपें, तांबें हीं शल्यें दीर्घकाळानें देहाच्या उष्णतेनें विरून जातात, असेंहि ते म्हणतात. हें मात्र आजच्या अनुभवाशीं जुळत नाहीं. सांध्याचा धातु विरत नाहीं. दूषित झाला तर तो हातानेंच काढावा लागतो.

उपचाराचे मार्ग मुख्यत्वें तीन. शस्त्रक्रियेनंतर थोड्याच आठवड्यांत दोष कळला तर जखम उघडून, धुऊन, बदलतां येण्याजोगे भाग बदलून सांधा राखतां येतो. उशीर झाला असतां सांधा, सिमेंट व मृत मांस हीं सर्व काढून एकाच बैठकींत नवा सांधा बसवितात, किंवा दोन टप्पे करितात: प्रथम प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता गोळा, कांहीं आठवडे औषध, आणि मग नवा सांधा. सिमेंटमध्यें प्रतिजैविक मिसळण्याची रीत हांबुर्गच्या बुखहोल्त्स यांनीं १९७० च्या सुमारास रूढ केली. ज्यांची प्रकृति दुसरी शस्त्रक्रिया सोसणारी नाहीं, त्यांचा सांधा काढून तसेंच ठेवितात. हात वर जात नाहीं, पण वेदना पुष्कळदां शमते.

मार्गशीर्षांत अक्कांच्या सांध्यांतील पाणी सुईनें काढून तपासणीस धाडिलें. नवव्या दिवशीं जंतु दिसला. दोन शस्त्रक्रिया ऐकून आम्ही गर्भगळित झालों. अक्का शांतपणें म्हणाल्या, ‘जें आंत नको आहे तें बाहेर काढूं द्या.’ माघांत पहिला टप्पा झाला. त्या वेळीं घेतलेल्या पांच तुकड्यांपैकीं चारांत तोच जंतु निघाला. वैशाखांत दुसरा टप्पा पार पडला. मधले तीन महिने त्यांस वेणी घालावयास सून लागे. तें त्यांस शस्त्रापेक्षां जड गेलें.

ज्यांच्या घरीं असा सांधा आहे, त्यांस आमची तीन गोष्टींची विनंती आहे. बरा झालेला खांदा पुनः दुखूं लागला किंवा आखडूं लागला, तर ताप नाहीं म्हणून स्वस्थ बसूं नये. नमुने घेण्यापूर्वी मनानें प्रतिजैविकें घेऊं नयेत; त्यांनीं जंतु मरत नाहीं, केवळ तपासणींत लपतो. शस्त्रक्रिया व्हावयाची असेल, तर त्वचेच्या पूर्वतयारीविषयीं शल्यविशारदांस अवश्य विचारावें. मुरुमांवर वापरतात तें बेंझॉइल पेरॉक्साइड आधीं कांहीं दिवस लाविल्यानें या जंतूची संख्या घटते, असें दिसून आलें आहे.

यंदाच्या श्रावणांत अक्का पुनः शिवालयांत आल्या. उजवा हात छातीपर्यंत जातो. फडताळाच्या वरच्या फळीपर्यंत जात नाहीं, आणि कदाचित् जाणारहि नाहीं. आमच्या त्या उत्तरानें गेलेले चार महिने आधीं मिळते तर तो अधिक वर गेला असता काय, हें कोणी सांगूं शकत नाहीं. पिंडीवर पाणी घालावयास मात्र छातीपर्यंतचा हात पुरतो. तांब्या त्यांनीं उजव्या हातानेंच रिता केला. आम्ही शेजारीं उभे होतों. या खेपेस कांहीं बोललों नाहीं.