२० टक्क्यांवर लॅपटॉप बंद का पडतो? बॅटरीचं गणित आणि युरोपचे दोन नियम

लॅपटॉपवर 'बॅटरी कमी आहे' असा मेसेज आला की आपण तीन गोष्टी करतो. ब्राइटनेस खाली आणतो, ब्राउझरचे टॅब बंद करतो आणि चार्जर कुठे ठेवलाय ते शोधत घरभर फिरतो. तिन्ही ठीकच आहेत. पण चार-पाच वर्षं वापरलेल्या लॅपटॉपचं खरं दुखणं याने बरं होत नाही. स्क्रीनवर २० टक्के दिसत असताना मशीन अचानक बंद पडतं, सेव्ह न केलेली असाइनमेंट जाते, आणि घरात ठरतं: 'आता नवीनच घेऊ.'

बऱ्याचदा आत बाकी सगळं धड असतं, फक्त बॅटरी थकलेली असते. म्हणूनच युरोपीय संघाचे दोन नियम आपण समजून घेतले पाहिजेत. पहिल्यानुसार २८ एप्रिल २०२६ पासून तिथे बाजारात येणाऱ्या नव्या लॅपटॉपला टाइप-सी चार्जिंग असणं बंधनकारक आहे. दुसऱ्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे. नियम तिकडचे असले तरी लॅपटॉप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या त्याच आहेत, ज्यांची मशीन आपण वापरतो.

नियमांकडे येऊच. आधी बॅटरी 'कमी होते' म्हणजे आत नक्की काय होतं ते पाहू.

टक्का हा अंदाज असतो

फोन असो की लॅपटॉप, आत लिथियम-आयन सेल असतात. पूर्ण भरलेल्या सेलचा व्होल्टेज साधारण ४.२ असतो आणि तो ३ च्या आसपास आला की सेल रिकामा धरला जातो. मधल्या टप्प्यात व्होल्टेज फार हळू उतरतो, शेवटी मात्र झपकन खाली येतो. त्यामुळे नुसता व्होल्टेज बघून किती चार्ज उरलाय ते नीट कळत नाही. म्हणून बॅटरीत एक छोटी चिप असते. किती करंट आत गेला आणि किती बाहेर आला याचा ती हिशोब ठेवते आणि त्यावरून टक्का सांगते.

आता गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा विचार करा. दर वर्षी तळाशी गाळ साचला तर टाकी 'पूर्ण भरली' तरी पाणी कमीच बसणार. बॅटरीची क्षमता अशीच घटते. चिपचा हिशोब जुन्या क्षमतेवर अडकला असेल तर टक्का चुकतो.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची आहे. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध वाढतो, म्हणजे टाकीला जोडलेला पाइपही अरुंद होतो. टाकीत पाणी असतं, पण एकदम मोठा नळ सोडला तर धार येत नाही. तुम्ही व्हिडिओ कॉल सुरू केला किंवा जड सॉफ्टवेअर उघडलं की प्रोसेसर क्षणभर खूप पॉवर मागतो. थकलेल्या बॅटरीचा व्होल्टेज तेवढ्यापुरता कोसळतो, ठरलेल्या मर्यादेखाली जातो आणि मशीन बंद होतं. म्हणजे ते २० टक्के खोटे नसतात. ऊर्जा आत असते, पण हव्या त्या वेगाने बाहेर येत नाही.

फोनमध्ये हाच प्रकार जगभर गाजला होता. जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून ॲपलने २०१७ मध्ये एका अपडेटमधून त्यांचा वेग गुपचूप कमी केला. डिसेंबर २०१७ मध्ये ते उघड झालं तेव्हा कंपनीला माफी मागावी लागली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणावा लागला. २०२० मध्ये तिथल्या खटल्यात कंपनीने ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. यातून एक गोष्ट लोकांच्या लक्षात आली. अनेकांनी 'फोन जुना झाला' म्हणून नवीन घेतला, पण त्यांना हवी होती फक्त नवी बॅटरी.

बॅटरी खाली आली की काय करायचं?

मशीन धडधाकट असेल तर बॅटरी कमी असताना हा क्रम लक्षात ठेवा.

१. आधी सेव्ह करा. बाकी सगळं नंतर.

२. एनर्जी सेव्हर चालू करा. विंडोज ११ मध्ये २०२४ च्या अपडेटपासून तो आहे, त्याआधी त्याचं नाव बॅटरी सेव्हर होतं. मॅकमध्ये २०२१ च्या माँटेरेपासून लो पॉवर मोड आहे. हे मोड ब्राइटनेस आणि मागे चालणारी कामं कमी करतात. विंडोजमध्ये किती टक्क्यांना तो आपोआप चालू व्हावा हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. बॅटरी जुनी असेल तर हा आकडा वर ठेवा. प्रोसेसरची मागणी कमी राहिली की व्होल्टेज कोसळण्याची शक्यताही कमी होते.

३. व्हिडिओ कॉलवर असाल तर कॅमेरा बंद करा. यूएसबीला लावलेली हार्ड डिस्क काढून ठेवा, ती पॉवर लॅपटॉपमधूनच घेते.

४. मशीन बॅगेत टाकायचं असेल तर स्लीपऐवजी हायबरनेट करा. स्लीपमध्ये तुमचं काम रॅममध्ये राहतं आणि रॅम जिवंत ठेवायला बॅटरी लागते. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये तर स्लीप म्हणजे फोनसारखी अर्धवट झोप असते, आत नेटवर्कची कामं चालूच राहतात. म्हणूनच रात्री ५० टक्क्यांवर झाकण लावलेलं मशीन सकाळी कधीकधी बॅगेत गरम आणि रिकामं सापडतं. हायबरनेटमध्ये काम डिस्कवर लिहिलं जातं आणि मशीन पूर्ण बंद होतं.

५. चार्जर नसेल आणि लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होत असेल तर फोनचा चार्जर लावून बघा. फक्त एक लक्षात घ्या. फोनच्या चार्जरवर मोठा वॉटचा आकडा असला तरी तो अनेकदा कंपनीच्या स्वतःच्या फास्ट चार्जिंग पद्धतीचा असतो. लॅपटॉपला लागते 'पॉवर डिलिव्हरी' ही सामायिक पद्धत, आणि तिच्यात तोच चार्जर बराच कमी वॉट देऊ शकतो. चार्जरवर बारीक अक्षरात 'पीडी'चे आकडे वेगळे दिलेले असतात, ते वाचा.

पहिला नियम: एकच चार्जर

युरोपात फोन, टॅबलेट, हेडफोन वगैरेंना टाइप-सी २८ डिसेंबर २०२४ पासून सक्तीचं झालं. लॅपटॉपना जास्त मुदत मिळाली, ती २८ एप्रिल २०२६ पर्यंत. १५ वॉटपेक्षा जास्त पॉवर घेणाऱ्या उपकरणात पॉवर डिलिव्हरी असलीच पाहिजे अशीही अट आहे. कंपनीला स्वतःची वेगळी पद्धत ठेवता येते, पण सामायिक पद्धत अडवता येत नाही.

याचा फायदा सरळ आहे. गोल पिनचा चार्जर बिघडला की त्याच कंपनीचा, त्याच पिनचा शोधत फिरावं लागतं. टाइप-सी असेल तर मित्राचा, ऑफिसातला किंवा पीडी असलेली चांगली पॉवर बँक, काहीही चालतं. अट एवढीच की वॉट पुरेसे हवेत.

दुसरा नियम: बॅटरी बदलण्याचा हक्क

हा जास्त खोलवर जातो. २०२३ च्या युरोपीय बॅटरी कायद्यातल्या अकराव्या कलमानुसार बॅटरी बाजारात सहज मिळणाऱ्या साधनांनी काढता आली पाहिजे. खास हत्यार लागत असेल तर ते कंपनीने मोफत द्यायचं. मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं सुटी बॅटरी वाजवी दरात मिळाली पाहिजे, ग्राहकालाही आणि बाहेरच्या दुरुस्तीवाल्यालाही. आणि बॅटरी बदलली म्हणून सॉफ्टवेअरने अडवणूक करायची नाही.

एकेकाळी लॅपटॉपची बॅटरी मागचा खटका सरकवला की हातात यायची. लॅपटॉप पातळ झाले तशी ती आत गेली, काही मॉडेलमध्ये चक्क गोंदाने चिकटवली गेली. कंपन्या म्हणतात, यामुळे मशीन हलकं होतं आणि ग्राहक चुकीच्या पद्धतीने सेल हाताळत नाही. हे मुद्दे अगदीच पोकळ नाहीत. लिथियम सेलला भोक पडलं तर आग लागू शकते. पण स्क्रूने बसवलेली बॅटरीही पातळ लॅपटॉपमध्ये बसते, अशी मॉडेल आजही विकली जातात. त्यामुळे सगळं तंत्रज्ञानाच्या माथी मारता येणार नाही. बदलता न येणारी बॅटरी म्हणजे मशीनवर छापलेली एक्सपायरी डेटच.

आपल्याकडे काय?

भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. कंपन्यांची दुरुस्तीची माहिती तिथे एकत्र मिळावी हा हेतू. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. दोन्ही पावलं चांगली आहेत. पण माहिती देणं वेगळं आणि बॅटरी बदलता येईल असंच मशीन बनवायला लावणं वेगळं. युरोपने दुसरं केलं.

युरोपसाठी बदललेली रचना आपल्याकडेही येईल का? शक्यता बरीच आहे, कारण एकाच मॉडेलच्या दोन रचना बनवणं कंपनीला महाग पडतं. पण रचना आली म्हणजे हक्क आला असं नाही. पाच वर्षं सुटी बॅटरी देण्याचं बंधन तिकडच्या ग्राहकाला मिळेल. इथे आपल्याला ते कायद्याने मिळालेलं नाही, त्यामुळे दुकानात विचारणं आपल्यालाच भाग आहे.

आज करता येण्यासारखं

आधी तुमच्या बॅटरीची तब्येत बघा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी' टाइप करा, मग एक स्पेस, स्लॅश आणि 'बॅटरीरिपोर्ट' (सगळं अर्थातच इंग्रजी अक्षरांत). एक फाइल तयार होते. तिच्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे दिसतील. पहिला ५०,००० आणि दुसरा ३०,००० असेल तर बॅटरी ६० टक्क्यांवर आली आहे. मॅकमध्ये हीच माहिती सेटिंगमधल्या बॅटरी विभागात मिळते.

लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असतो? मग चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे का बघा. बऱ्याच कंपन्या आपल्या ॲपमध्ये ती देतात. पूर्ण भरलेली अवस्था आणि उष्णता, दोन्ही सेलला लवकर म्हातारं करतात.

ट्रॅकपॅड वर उचलल्यासारखा दिसतोय किंवा झाकण नीट बसत नाही? बॅटरी फुगलेली असू शकते. चार्ज करणं लगेच थांबवा, दाबू नका, टोचू नका, सर्व्हिस सेंटरला द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात तर अजिबात टाकू नका.

आणि नवीन लॅपटॉप घ्यायला गेलात की रॅम-प्रोसेसरसोबत तीन प्रश्न विचारा. टाइप-सीवर चार्ज होतो का? बॅटरी स्क्रूने बसवलेली आहे की गोंदाने? आणि पाच वर्षांनी याची मूळ बॅटरी मिळेल का, कितीला? तिसऱ्याचं उत्तर बहुतेक दुकानदार देऊ शकणार नाही. तरीही विचारा. दहातल्या आठ गिऱ्हाइकांनी विचारलं तर तो प्रश्न कंपनीपर्यंत पोचतो.