चौथी मिति आणि बटाट्याचे काप

सांताक्रूझच्या पूर्वेस, वाकोल्याला, द्रुतगति महामार्गाचा उड्डाणपूल आहे. “पुलापाशीं भेटूं” एवढेंच ठरवून निघालेल्या दोघांची चुकामूक होण्यास हें स्थळ उत्तम. नकाशावर दोघेहि एकाच ठिपक्यावर. परंतु एक पुलावरील बसमध्यें, दुसरा खालच्या चौकांत. लांबी-रुंदी जुळली, उंची चुकली. आणि तीहि जुळली तरी वेळ चुकावयाची राहतेच. भेट घडावयाची तर अशा चार संख्या सांगाव्या लागतात. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या अशा प्रत्येक मापास गणिती मिति म्हणतात.

कालास चौथी मिति मानणें हा सापेक्षतावादाचा मार्ग. मूळचे कोल्हापूरचे प्रा. विष्णु वासुदेव नारळीकर यांनीं काशी हिंदु विश्वविद्यालयांत राहून याच विषयांत संशोधन केलें. आज मात्र आम्हीं काल बाजूस ठेवतों. चौथी मिति लांबी-रुंदीसारखीच स्थलाची असती तर वस्तूंचे आकार कसे असते, एवढेंच पाहावयाचें आहे.

रांगोळीचा ठिपका ओढला कीं रेषा होते. रेषा काटकोनांत तितकीच सरकविली कीं चौरस. चौरस तितकाच वर उचलला कीं घन. कोपरे दुप्पट होत जातात: १, २, ४, ८. घन आणखी एका, या तिन्ही दिशांशीं काटकोन करणाऱ्या दिशेनें सरकवितां आला तर १६ कोपरे, ३२ कडा, २४ चौरस व ८ घन असलेली आकृति होईल. ही दिशा आपल्या खोलींत कोठेंच नाहीं, हें खरें. पण मोजदाद करण्यास खोली लागत नाहीं.

डोळ्यांपुढें कांहीं आणावयाचें तर स्वयंपाकघरांत जावें. कच्च्या बटाट्याचा घन कापून तो एका कोपऱ्यावर उभा धरावा व वरून आडवे काप करीत यावें. प्रथम लहानसा त्रिकोण निघतो, तो वाढत जातो, मग त्याचे कोपरे छाटले जाऊं लागतात, बरोबर मध्यावर षट्कोन मिळतो आणि पुढें पुन्हां त्रिकोण. (काप भाजींत घालण्यास हरकत नाहीं.) उंची ठाऊक नसलेल्या, कागदासारख्या सपाट जगांतील प्राण्यास घनाची ओळख या कापांवरूनच होईल. आपण त्या प्राण्याच्याच जागीं आहों. चतुर्मित घन कोपरा पुढें करून आपल्या खोलींतून जाऊं लागला, तर प्रथम चार त्रिकोणी बाजूंचा चिमुकला मनोरा दिसेल; तो मोठा होईल, त्याचीं टोकें छाटलीं जातील, मध्यावर आठ त्रिकोणी बाजूंचा अष्टफलक होईल आणि मग उलट क्रमानें सारें मिटेल.

असे काप मनश्चक्षूंनीं पाहणारी एक बाई होऊन गेली. आलिशिया बूल (१८६०–१९४०) ही तर्कगणिताचे प्रवर्तक जॉर्ज बूल यांची कन्या; हिमालयाच्या शिखरास ज्यांचें नांव मिळालें त्या एव्हरेस्टसाहेबांची तिची आई पुतणी. ती चार वर्षांची असतांनाच वडील वारले, व विद्यापीठाचें शिक्षण तिला मिळालें नाहीं. थोरल्या बहिणीचा नवरा हिंटन यानें आणलेल्या लांकडी ठोकळ्यांनीं तिला या विषयाची गोडी लागली. पुढें संसार आणि दोन मुलें सांभाळून तिनें पुठ्ठ्याचे नमुने केले. चतुर्मित सुसम आकृति सहाच, हें श्लेफ्ली यांनीं तिच्या जन्मापूर्वींच शोधलें होतें. तिला त्याची वार्ताहि नसतां ती स्वतंत्रपणें त्याच सहांवर येऊन पोंचली! आमच्या मतें ही गोष्ट पदवीहून मोठी. डच प्राध्यापक स्खाउटे यांच्या आकृत्यांशीं तिचे नमुने तंतोतंत जुळले व दोघांनीं पुढें अनेक वर्षें एकत्र काम केलें. १९१४ सालीं ग्रोनिंगेन विद्यापीठानें तिला सन्मान्य डॉक्टर केलें; तिचे कांहीं पुठ्ठ्याचे नमुने तेथील संग्रहालयांत आहेत.