गलाईच्या धुराला कायदा हवा

सांगलीतल्या विटा-आटपाडीची, साताऱ्यातल्या खटाव-माणची कितीतरी माणसं सोनं-चांदी गाळायला परराज्यांत आहेत. घरी पैसे येतात, घर चालतं. पण अ‍ॅसिडचा तो तांबडा धूर त्यांच्या छातीत जातो, त्याचं काय?

कामगार सुरक्षेची नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाली. ती साधारण १० कामगारांपासून पुढे. गलाईच्या छोट्या दुकानात असतात दोन-चार! मात्र धोक्याच्या कामाला सरकार ती एका कामगारासाठीही लावू शकतं. मग गलाईला लावावी, असं मला ठामपणे वाटतं. धूर बाहेर काढणारा पंखा, वर्षाला छातीची तपासणी सक्तीची हवी.

मैत्रिणींनो, मतं मागायला पुढारी दारात आले की, हे आपणच मागायचं. तिकडं राबणाऱ्यांना सुट्टी कुठं असते?